लेस्टरमधली ७ वर्षं, अट १० वर्षांची: सोलापुरात राहून यूके स्टेट पेन्शनची राहिलेली वर्षं भरता येतात का?

सिस्टर_सोलापूर | ११ जानेवारी २०२६, रात्री ११.४०

नमस्कार. मोठं लिहिते आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

मी नर्स आहे. ऑक्टोबर २०१४ ला लेस्टरला गेले, एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालयात, बँड ५ या पगारश्रेणीवर. पावणेसात वर्षं तिथेच, मेडिकल वॉर्डला. कोविडच्या दोन्ही लाटा तिथेच काढल्या. जून २०२१ मध्ये इकडे बाबांना लकवा मारला. आई एकटी, मला भाऊबहीण नाही. नोटीस दिली, उरलेली रजा धरून नोकरी ३१ जुलैला संपली, आणि मी २३ तारखेलाच विमानात बसले. बाबा त्यानंतर चौदा महिने होते. त्या चौदा महिन्यांसाठी मी जे सोडून आले त्याचं मला दुःख नाही, तेव्हा कृपया "परत का आलात" हे कोणी विचारू नका.

जानेवारी २०२२ पासून सोलापुरातच एका खासगी रुग्णालयात आयसीयूला आहे. मधे आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून जून २०२४ ते जानेवारी २०२५ घरीच होते, बिनपगारी. फेब्रुवारी २०२५ पासून पुन्हा कामावर.

विषय आत्ता निघाला तो संक्रांतीच्या आवराआवरीत. गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येणार म्हणून माळ्यावरची बॅग खाली काढली, तर तळाशी लेस्टरचे कागद. पी६०, म्हणजे वर्षाअखेर मिळणारे पगार-कपातीचे दाखले, सात निघाले, २०१४-१५ पासून २०२०-२१ पर्यंत. प्रत्येकावर नॅशनल इन्शुरन्स (एनआय, पेन्शनसारख्या लाभांसाठी पगारातून जाणारी वर्गणी) कापल्याचा आकडा आहे. सातही वर्षांचे मिळून तेव्हा माझ्यासाठी किती पैसे होते ते! कापले जायचे तेव्हा मी एकदाही विचारलं नाही की हे कुठे जातात.

आता कळतंय की यूकेची स्टेट पेन्शन मिळायला किमान १० वर्षं लागतात. माझी सात. म्हणजे सात वर्षं भरूनही शून्य? की उरलेली तीन इथून भरता येतात? आमच्या नर्सेसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवीन काहीतरी येतं. कोणी म्हणतं एप्रिलनंतर सगळं बंद, कोणी म्हणतं परत जाऊन राहिलं तरच मिळतं. ग्रुपमधूनच एका एजंटाचा नंबर मिळाला. तो फॉर्म भरून द्यायचे ४० हजार मागतो, अर्धे आधी.

हे माझ्यासाठी एवढं महत्त्वाचं का, तेही सांगते. माझ्या आईने ३१ वर्षं विड्या वळल्या. रात्री पानं भिजत घालायची, पहाटे कात्रीने कापायची, दिवसभर सूप मांडीवर. तंबाखूच्या वासाने मला शाळेत मुली नावं ठेवायच्या. तिचा पीएफ कापला जायचा. आज तिला पेन्शन आहे महिन्याला हजार रुपये. तेवढ्यासाठीसुद्धा कार्डावर नाव एक आणि पासबुकात दुसरं, म्हणून दीड वर्ष खेटे घातले. मी नववीत होते, शाळा सुटली की अर्ज लिहायला तिच्याबरोबर जायचे. कापलेल्या पैशाचा माग काढला नाही तर तो कापलेलाच राहतो, हे मी तेव्हा पाहिलं. आणि तरी स्वतःच्या बाबतीत सात पी६० माळ्यावर टाकून साडेचार वर्षं बसले.

तर: मला भरता येईल का, किती, कुठे, आणि एप्रिलचं खरं काय आहे? माझा जन्म १९८४ चा. एनआय नंबर आहे. तिथल्या रेकॉर्डवर पत्ता मात्र अजून लेस्टरच्या त्या शेअरिंगच्या घराचाच असणार.

---

बार्शीकर_स्लाऊ | १२ जानेवारी, पहाटे २.१५

ताई, मी मूळचा बार्शीचा, इकडे स्लाऊमध्ये बरीच वर्षं पेरोलचं काम करतो. दिवसाला दोन-चार पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा पगार-कपातीचा दाखला) हाताखालून जातात, म्हणून पहिला प्रश्न तोच: तुमचा जुलै २०२१ चा पी४५ कुठे आहे?

कारण तुमची वर्षं सात नाहीत, बहुतेक आठ आहेत. पी६० फक्त ५ एप्रिलला नोकरीत असलेल्याला मिळतो. इथलं करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. तुम्ही २०२१-२२ मध्ये जुलैअखेर नोकरीत होता, म्हणून त्या वर्षाचा पी६० नाही, पी४५ असणार. आणि वर्ष मोजलं जाण्यासाठी बारा महिने काम करावं लागत नाही. त्या वर्षातल्या नोकरीचा पगार ठरलेल्या किमान रकमेच्या वर गेला की अख्खं वर्ष धरलं जातं. २०२१-२२ साठी ती रक्कम ६,२४० पौंड होती. बँड ५ वर सहा वर्षं झालेल्या नर्सचे चार पगार त्याच्या वर जातात. पहिल्या वर्षाचंही तेच: ऑक्टोबरला आलात तरी २०१४-१५ पूर्ण धरलं जाईल.

म्हणजे दहाला दोनच कमी.

आता इथून भरायचं काय. ऐच्छिक वर्गणीचे दोन प्रकार आहेत. क्लास २ चा चालू दर आठवड्याला ३ पौंड ५० पेन्स, म्हणजे वर्षाला १८२ पौंड. क्लास ३ चा १७ पौंड ७५ पेन्स, म्हणजे वर्षाला ९२३ पौंड. पेन्शनसाठी दोन्हींची किंमत सारखीच, एक वर्ष म्हणजे एक वर्ष. स्वस्त असलेला क्लास २ परदेशातल्या माणसाला कधी मिळतो? तो यूके सोडण्याच्या अगदी आधी इथे काम करत असेल, परदेशातही काम करत असेल, आणि आधी यूकेत सलग तीन वर्षं राहिलेला किंवा तीन वर्षं वर्गणी भरलेला असेल. तुम्ही तिन्हींत बसता. आयसीयूची नोकरी ही इथे तुमची सगळ्यात मोठी बाजू आहे, फॉर्मवर तिच्या तारखा नीट लिहा. ज्यांना भारतात नोकरी-धंदा नाही त्यांना क्लास ३ च भरावा लागतो.

एप्रिलचं खरं असं: नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये जाहीर झालं की ६ एप्रिल २०२६ पासून परदेशातल्या काळासाठी क्लास २ मिळणार नाही. त्यापुढच्या वर्षांसाठी फक्त क्लास ३, तोही आठवड्याला १८ पौंड ४० पेन्स दराने, आणि त्यासाठी यूकेतलं वास्तव्य किंवा वर्गणी तीन नव्हे, दहा वर्षांची हवी. पण हा बदल २०२६-२७ आणि पुढच्या वर्षांसाठी आहे. तुमची २०२२-२३ ते २०२५-२६ ही वर्षं जुन्या नियमांतच येतात. मागची सहा वर्षं भरता येतात, त्या हिशोबाने २०२२-२३ ची मुदत ५ एप्रिल २०२९ पर्यंत आहे. तरी थांबू नका. अर्जाला उत्तर यायला महिने लागतात आणि नियम एकदा बदलायला लागले की कुठे थांबतील ते सांगता येत नाही.

तुमची रिकामी वर्षं चार. त्यातलं २०२४-२५ अवघड आहे, कारण जूनपासून तुम्ही काम करत नव्हता. काम केलेल्या आठवड्यांना क्लास २ आणि बाकीच्यांना क्लास ३ लागेल, सगळं मिळून साडेसहाशे पौंडांच्या घरात. ते वर्ष आत्ता बाजूला ठेवा, त्याची मुदत ५ एप्रिल २०३१ आहे. बाकीची तीन आधी भरा: २०२२-२३, २०२३-२४ आणि चालू २०२५-२६. आठ आणि तीन अकरा. खर्च आजच्या दराने फार तर ५४६ पौंड, पौंड १२० रुपये धरला तर साडेपासष्ट हजार.

आणि मिळणार काय? पूर्ण पेन्शन ३५ वर्षांना, सध्या आठवड्याला २३० पौंड २५ पेन्स, एप्रिलपासून २४१ पौंड ३० पेन्स. आजच्या दराने ११ वर्षांचे आठवड्याला ७२ पौंडांच्या आसपास, वर्षाला ३,७०० च्या वर. म्हणजे महिन्याला सदतीस हजार रुपयांच्या घरात. नऊ वर्षांवर थांबलात तर शून्य. एक वर्ष क्लास २ ने भरायला १८२ पौंड लागतात आणि ते वर्ष पुढे दरवर्षी ३४० पौंड देतं. पहिल्या सहा-सात महिन्यांत वसूल.

एक बारकावा: एप्रिल २०१६ पर्यंत एनएचएसचे कर्मचारी "काँट्रॅक्टेड आउट" होते, थोडा कमी एनआय भरायचे. त्यामुळे तुमच्या पहिल्या दोन वर्षांचा वाटा जरा कमी दिसू शकतो. वर्षं मात्र मोजली जातात.

फॉर्मचं नाव सीएफ८३. फुकट आहे. एजंटाला एक रुपया देऊ नका.

---

साखरपेठ_काका | १२ जानेवारी, सकाळी ७.०५

सिस्टर, तुमच्या आईंचं वाचून बरं वाटलं नाही. माझी आईपण विड्या वळायची. असो.

मी १९८५ ला ब्लॅकबर्नला गेलो, मागावरचा फिटर म्हणून. २१ वर्षं काढली आणि २००६ ला परत आलो. २०१२ ला ६५ पूर्ण झाली आणि पेन्शन सुरू झाली. तेव्हा जुना नियम होता, पूर्ण बेसिक पेन्शनला ३० वर्षं. पूर्ण होती १०७ पौंड ४५ पेन्स. माझी २१ वर्षं, म्हणून मला आठवड्याला ७५ पौंड २१ पेन्स.

आज २०२६ आहे. मला आजही ७५ पौंड २१ पेन्सच येतात.

हे तुम्हाला कुणी आधी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. भारतात राहणाऱ्याची स्टेट पेन्शन सुरू होते त्या दिवशीच्या आकड्यावर गोठते. दरवर्षी एप्रिलला तिकडच्यांना वाढ मिळते, आपल्याला नाही. ऑस्ट्रेलिया, कॅनडात राहणाऱ्यांचंही असंच. अमेरिकेत, फिलिपिन्समध्ये राहणाऱ्याला मात्र वाढ मिळते, कारण त्या देशांशी करार आहे. मी आज ब्लॅकबर्नला असतो तर तेवढ्याच २१ वर्षांचे १२३ पौंड ५१ पेन्स मिळाले असते. आठवड्याला ४८ पौंडांचा फरक. मी कुणापेक्षा एक दिवस कमी भरलं नव्हतं. मला हा अन्याय वाटतो आणि मरेपर्यंत वाटेल.

पण म्हणून भरू नका असं मी म्हणणार नाही. उलट भरा. तुमची पेन्शन सुरू होईपर्यंत दर वाढतच राहणार, तुम्ही इथं असलात तरी. गोठते ती सुरू झाल्यावर. आणि गोठलेले ७५ पौंडसुद्धा इथं महिन्याला एकोणचाळीस हजारांच्या घरात जातात. त्यावर माझं आणि हिचं औषधपाणी चालतं, मुलाकडं हात पसरावा लागत नाही.

दुसरं. पत्ता बदलला की कळवायचं, न चुकता. आम्ही साखर पेठेतलं घर सोडून होटगी रोडला आलो तेव्हा मी कळवलं नाही, माझीच चूक. तिकडून हयातीचा दाखला भरून मागतात, साक्षीदाराची सही घेऊन परत पाठवायचा असतो. तो जुन्या पत्त्यावर गेला. आपल्याला काय माहीत! पेन्शन थांबली. थकलेले पैसे नंतर मिळाले, पण ते पाच महिने मी रात्री झोपलो नाही. तुमचा पत्ता लेस्टरचा आहे म्हणालात. फॉर्मच्या आधी ते करा.

---

शिवाजीनगर_८९ | १२ जानेवारी, दुपारी १.३०

ताई १९८४ च्या म्हणजे पेन्शनचं वय ६८, म्हणजे २०५२. सव्वीस वर्षं आहेत. तेच पासष्ट हजार आज म्युच्युअल फंडात टाकले तर काय होईल याचाही विचार व्हावा. शिवाय मधेच माणूस गेला तर ते पैसे वारसाला मिळतात का?

आणि आता भारत-यूके करार झालाय ना, मग इथली ईपीएफची वर्षं तिकडे जोडता येतील असं वाचलं.

---

बार्शीकर_स्लाऊ | १२ जानेवारी, रात्री ११.५०

दुसऱ्याचं आधी. नाही. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या व्यापार कराराबरोबर जी वर्गणीची व्यवस्था ठरली, ती कंपनीने तात्पुरतं दुसऱ्या देशात पाठवलेल्यांनी दोन्हीकडे वर्गणी भरायला नको यासाठी आहे. तिने एका देशातली वर्षं दुसऱ्या देशाच्या पेन्शनमध्ये मोजली जात नाहीत. ईपीएफची वीस वर्षं असली तरी इकडच्या दहांत एकही धरणार नाहीत. यावर बरेच लोक भरवसा ठेवून बसलेत, म्हणून ठामपणे लिहितो.

वारसाचं: नाही, नव्या स्टेट पेन्शनसाठी भरलेली ऐच्छिक वर्गणी पेन्शनच्या आधी मृत्यू झाला तर परत मिळत नाही. हे समजूनच भरायचं.

फंडाबद्दल: एरवी मी तुमच्या बाजूने बोललो असतो. क्लास ३ ची वीस वर्षं विकत घ्यायची असती तर दहा वेळा विचार करा म्हटलं असतं. पण इथे आठ वर्षांचे पैसे आधीच भरून झालेत आणि दोन वर्षांअभावी ते सगळे बुडतात. या पासष्ट हजारांची तुलना अकरा वर्षांच्या पेन्शनशी करायची, तीन वर्षांच्या नव्हे. आणि ही पेन्शन जिवंत असेपर्यंत येते. नव्वदीतही येते.

ताई, एक राहिलं. एनएचएसची पेन्शन वेगळी आहे. तुमच्या पगारातून तीही कापली गेली असणार, आणि दोन वर्षांपेक्षा जास्त सभासद होता म्हणून ती तुमच्या नावावर तशीच ठेवलेली असेल. तिला दहा वर्षांची अट नाही, आणि काकांनी सांगितलं तसं गोठणंही नाही. भारतात राहिलात तरी ती वाढते. पगाराच्या स्लिपवर "सुपरॲन्युएशन" लिहिलेलं असेल ते बघा.

---

सिस्टर_सोलापूर | १४ जानेवारी, रात्री १०.२०

तिळगूळ घ्या सगळ्यांनी.

पी४५ सापडला. पासपोर्टच्या जुन्या कव्हरात घडी करून ठेवला होता, मीच ठेवला असणार. त्यावर एकूण पगार ९,४०० पौंडांच्या वर आहे. म्हणजे आठ. नाइटला जायच्या आधी स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं आणि आईला हाक मारली. तिला काही कळेना, मला सांगता येईना.

सुपरॲन्युएशनही आहे, प्रत्येक स्लिपवर. पावणेसात वर्षं दर महिन्याला बघितलेला शब्द, कधी विचारलं नाही. त्याचं वेगळं पत्र लिहिते.

काका, तुमचा अनुभव दोनदा वाचला. पत्ता बदलायचं काम उद्याच. तुमच्यावर अन्याय झाला आहे, मलाही तसंच वाटतं. ज्याने तेवढंच भरलं त्याला तेवढंच मिळावं.

शिवाजीनगर दादा, तुमचा प्रश्न बरोबर आहे. पण माझं एसआयपी आधीपासून चालू आहे. मी ज्या वॉर्डात काम करते तिथे ऐंशी-पंच्याऐंशीची माणसं येतात, साठवलेले पैसे मुलांच्या घराला, लग्नाला गेलेले, आणि बिल भरायची वेळ आली की कॉटवर पडून दरवाजाकडे बघत असतात. मोडता न येणारी आणि कुणाला देता न येणारी रक्कम दर महिन्याला त्यांच्या नावावर येत असती तर त्यातल्या कित्येकांची मान ताठ राहिली असती. मला लग्न-संसार नाही, पुढे मला सांभाळणारं कोणी असेलच असं नाही. मला ती रक्कम हवी आहे.

सीएफ८३ डाउनलोड केला. दोन ठिकाणी अडले. एक, क्लास कोणता हे मी ठरवायचं की ते? दोन, ऑनलाइन माझी ओळखच पटत नाही, सगळं भरून शेवटी अडकतं. पेन्शनचा फोरकास्ट, म्हणजे किती वर्षं धरली आणि किती मिळेल याचा अंदाज, मग कसा बघायचा?

---

बार्शीकर_स्लाऊ | १५ जानेवारी, पहाटे १.००

क्लास २ साठी अर्ज करतेय असं स्पष्ट लिहा, आणि मागच्या वर्षांचेही भरायचे आहेत हेही. इथल्या आणि सोलापूरच्या नोकऱ्यांच्या तारखा क्रमाने द्या, बिनपगारीचे महिने लपवू नका. तुम्ही बसता की नाही हे शेवटी एचएमआरसी, म्हणजे इथलं कर खातं, ठरवते. क्लास २ नाकारला तर कारण लेखी मागा, कारण क्लास ३ ला पाचपट पैसे जातात. नाव एनआय नंबरवर जसं आहे अगदी तसंच लिहा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

फोरकास्टसाठी फोन करा, पत्राने पाठवतात. नाहीतर बीआर१९ फॉर्म पोस्टाने. आपल्याकडे दुपारी दोन-अडीचनंतर इकडची कार्यालयं उघडतात, तुमची नाइट असेल तर झोप झाल्यावर. एनआय नंबर आणि जुना पत्ता हाताशी ठेवा, ओळख पटवायला विचारतात.

पत्र येईपर्यंत पैसे पाठवू नका. मंजुरीच्या पत्रात किती, कोणत्या खात्यात आणि कोणत्या संदर्भ क्रमांकाने ते येतं. त्या क्रमांकाशिवाय आलेले पैसे कुणाच्या नावावर लावायचे ते त्यांना कळत नाही.

---

नवी_पेठ_बँकवाला | १५ जानेवारी, सकाळी ९.४०

पैसे पाठवण्याच्या बाजूचं मी सांगतो, बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर होतो. हे एलआरएसमध्ये (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) जातं, फॉर्म ए२ आणि पॅन लागतो. वर्षाला दहा लाखांच्या आत असल्याने टीसीएसचा, म्हणजे पाठवतानाच कापल्या जाणाऱ्या कराचा, प्रश्न नाही. प्रत्येक शाखेत हे होत नाही, तेव्हा मुख्य शाखेत जा आणि एचएमआरसीचं पत्र बरोबर न्या. एक गोष्ट आवर्जून सांगा: सगळे चार्जेस माझ्याकडून घ्या. नाहीतर मधली बँक दहा-पंधरा पौंड कापते, तिकडे रक्कम कमी पोचते आणि वर्ष अपुरं राहतं. तीन वर्षांचे एकदमच पाठवा, तीनदा चार्जेस कशाला?

---

सिस्टर_सोलापूर | ८ मार्च २०२६, दुपारी ४.१०

बरेच दिवस लिहायचं राहिलं, माफ करा.

सीएफ८३ २७ जानेवारीला हेड पोस्टातून पाठवला. त्याआधी फोनवर पत्ता बदलून घेतला. पाऊण तास लाइनवर थांबले, पण बोलणारी बाई फार चांगली होती, घाई केली नाही. त्याच आठवड्यात फोरकास्टसाठीही फोन केला.

फोरकास्टचं पत्र परवा आलं. पोस्टमनने आईच्या हातात दिलं, मी झोपले होते. तिने उठवलं नाही, उशाशी ठेवून दिलं. त्यात वर्षं आठ लिहिली आहेत, २०२१-२२ सकट. किमान दहा लागतात असंही लिहिलं आहे. मी आईला आठच्या आकड्यावर बोट ठेवून दाखवलं. तिने विचारलं, "नाव नीट लिहिलंय का तुझं?" मी पुन्हा एकदा अक्षर अक्षर तपासलं. नीट आहे.

सीएफ८३ चं उत्तर अजून नाही. बँकेत जाऊन चार्जेसचं विचारून ठेवलं आहे, साडेपासष्ट हजार वेगळ्या खात्यात काढून ठेवले आहेत. पत्र आलं की इथे लिहीन, क्लास २ मिळाला की नाही तेही.

एजंटाला नाही म्हणून कळवलं. त्यावर त्याचा मेसेज आला की एप्रिलनंतर तुमचं काहीच होणार नाही. आमच्या ग्रुपमधल्या दोघींनी त्याला अर्धे पैसे आधीच दिले आहेत. त्यांना हा धागा पाठवला.

---

पंढरपूर_स्टाफनर्स | ८ मार्च, रात्री ९.३०

ताई, त्या दोघींतली एक मी. २०१७ च्या जूनला गेले होते, २०२३ च्या सप्टेंबरला आले. आता पंढरपूरला नोकरी आहे. माझे पी६० सहाच आहेत, मग माझी सहा वर्षं धरायची का?

---

सिस्टर_सोलापूर | ८ मार्च, रात्री ९.४५

नाही गं. सप्टेंबर २०२३ चा पी४५ शोध आधी. एप्रिल ते सप्टेंबर पगार घेतला आहेस ना, त्यावरचा एकूण आकडा बघ. त्या वर्षासाठी ६,३९६ पौंडांच्या वर असेल तर सात. मग २०२४-२५ आणि २०२५-२६ झाली नऊ, म्हणजे तुला एक कमी पडतंय. जायच्या आधीचं, २०१६-१७ चं वगैरे, आपल्याला धरता येत नाही, तेव्हा आपण तिथे नव्हतोच. पुढच्या वर्षासाठी नवीन नियम लागणार, ते बार्शीकर दादांना विचारू. तू आज फक्त पी४५ काढ. पासपोर्टच्या कव्हरात बघितलंस का?